काखेतली गाठ आणि छातीतला प्लेग

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सांगताना रेल्वे, गिरण्या आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांची नावे हटकून येतात. त्या यादीत एका जिवाणूचे नाव सहसा कोणी घेत नाही. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीतला एक रुग्ण तपासून डॉ. अकॅसिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत शहर जवळजवळ अर्धे रिकामे झाले. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७चा फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यातले पावणेचार लाखांहून अधिक लोक बाहेर पडले होते.

ज्यांचे गाव कोकणात, देशावर नाहीतर काठेवाडात होते, त्यांनी गावची वाट धरली. ज्यांचे पोट फोर्टातल्या कचेरीवर किंवा मांडवीतल्या पेढीवर होते, त्यांना एवढे लांब जाणे परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी जवळची जागा म्हणजे साष्टी. माहीमची खाडी ओलांडली की ठाणे जिल्हा सुरू होई. वांद्रे आणि कुर्ला ही त्यातल्या त्यात गजबजलेली ठिकाणे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड म्हणजे भातखाचरे, ताडमाडांच्या वाड्या, आगर, खाजण आणि मधूनमधून गावठाणे. रूळ मात्र आधीच पडलेले होते. १८५३ची ठाण्याची गाडी घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातूनच गेली होती आणि १८६७पासून विरारची लोकल अंधेरी-बोरिवलीवरून धावत होती. साथीच्या भीतीने लोक या गाड्यांत बसले आणि मोकळ्या माळावर चटयांच्या, झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहिले.

प्लेगही त्यांच्यामागोमाग आलाच. वांद्रे आणि कुर्ला येथे उंदीर पडू लागले, माणसे पडू लागली. वांद्र्याच्या गल्ल्यांतून आजही उभे असलेले कितीतरी क्रूस त्या वर्षांतले आहेत. ईस्ट इंडियन कुटुंबांनी नवस म्हणून, सुटकेची आठवण म्हणून ते बांधले. दुसरीकडे जरीमरीच्या देवळांत ओट्या भरल्या जात होत्या. ही वेगळी दैवते एकाच भीतीची होती.

सरकारचा विश्वास मात्र तपासणीवर होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी आली, आणि शहराबाहेर जाणाऱ्या प्रवाशांना गाडीतून उतरवून तपासणे सुरू झाले. कल्याणचा तपासणी तळ त्यात सर्वांत मोठ्या नावांपैकी. फलाटावर रांग लागे. डॉक्टर प्रवाशाचा चेहरा बघे, जीभ बघे, नाडी धरी, आणि मग त्याचा हात मानेखाली, काखेत, जांघेत जाई. गाठ लागली तर इस्पितळ, नाही लागली तर गाडी. बायकांच्या अंगाला परक्या पुरुषाने असा हात लावणे कोणाला सहन होणार? त्या संतापाचा भडका शहरात आणि पुण्यात कसा उडाला, हे शाळेच्या पुस्तकात आहेच. रँडचा खून २२ जून १८९७चा.

शाळेच्या पुस्तकात नसते ते असे, की प्लेगच्या एका प्रकारापुरती ही तपासणी बिनकामाची होती. काखेत कळसा असताना लोक गावाला वळसा घालतात म्हणतात. इथे सगळे काखेतच शोधत राहिले आणि रोग छातीत होता.

हे पहिल्यांदा ध्यानात आले मुंबईतच. ग्रँट मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवणारे डॉ. एल. एफ. चाइल्ड शवविच्छेदन करत होते. काही देहांत गाठी नव्हत्या, किंवा असल्या तर नावापुरत्या. फुप्फुसे मात्र रक्ताने आणि जंतूंनी गच्च भरलेली. जानेवारी १८९७मध्ये त्याच कॉलेजातले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. मॅन्सर न्यूमोनियासारख्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि गेले. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. चाइल्ड यांना थुंकीत सापडले ते प्लेगचेच जंतू. गाठ नाही, उंदीर नाही, पिसू नाही; खोकल्यातून उडालेल्या थेंबावाटे माणसाकडून माणसाकडे जाणारा हा प्लेग. उपचाराविना त्यातून जवळपास कोणीच वाचत नसे.

मुंबईत त्याचे प्रमाण थोडे होते हे मान्य करायला हवे. बहुसंख्य रुग्ण गाठींचेच होते. पण त्या थोड्यांनी डॉक्टरांची झोप उडवली. व्हिएन्नाहून आलेल्या ऑस्ट्रियन पथकात अल्ब्रेख्ट, घोन आणि हेर्मान म्युलर हे डॉक्टर होते. आर्थर रोड इस्पितळात काम करून ते जंतूंचे नमुने घेऊन मायदेशी परतले. ऑक्टोबर १८९८मध्ये व्हिएन्नातल्या प्रयोगशाळेत एका मदतनिसाला फुप्फुसाचा प्लेग झाला. त्याच्यावर उपचार करणारे म्युलर आणि एक परिचारिका हे दोघेही त्यातच दगावले. मुंबईत महिनोन्महिने प्लेगच्या खाटांमधून फिरलेला माणूस असा घरी जाऊन गेला.

हा जंतू मारतो तरी कसा? त्या काळच्या शास्त्रज्ञांकडे याचे उत्तर तयार होते: विषाने. उत्तर तयार असण्याला कारणही होते. १८८८मध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर यर्सिन यांनी पॅरिसमध्ये घटसर्पाच्या जंतूंचे द्रावण गाळून दाखवून दिले होते, की जंतू काढून टाकल्यावर उरलेले पाणीही जनावराला मारते. १८९०मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी त्या विषावर उतारा म्हणून रक्तद्रव वापरला. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याच्या रक्तात उतारा तयार होऊ द्यायचा, आणि तो रोग्याला द्यायचा. घटसर्पाची मुले त्याने वाचू लागली. पुढे १८९४मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारा माणूसही तोच, यर्सिन. त्याने प्लेगसाठीही घोड्याचा रक्तद्रव बनवला नसता तरच नवल. मार्च १८९७मध्ये तो स्वतः रक्तद्रव घेऊन मुंबईत उतरला.

निकाल निराशाजनक लागला. पुढे फ्लॉरेन्सच्या लुस्टिग यांचा रक्तद्रव आला. आर्थर रोड इस्पितळाचे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी चिकाटीने त्याची पारख केली: काही रोग्यांना द्यायचा, काहींना नाही, आणि दोन्हींचे मृत्यू मोजायचे. आज ही पद्धत सगळीकडे रूढ आहे. तेव्हा ती विरळा होती, आणि चोक्सींचे नाव मुंबईत जेवढे ओळखीचे असायला हवे तेवढे नाही. त्यांना थोडाफार फरक दिसला, पण घटसर्पासारखा चमत्कार नाही. विष रक्तात असेल तर उतारा का लागू पडत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते आणि दुसऱ्या कोणापाशीही नव्हते.

याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका अपुऱ्या जागेत ओडेसाहून पॅरिसमार्गे आलेला वाल्डेमार हाफकिन लस बनवत होता. हाफकिन हा एली मेचनिकॉफ यांचा विद्यार्थी. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी हेच शरीराचे खरे संरक्षण, असा पुकारा करणारे ते मेचनिकॉफ. विषाचा पक्ष आणि पेशींचा पक्ष यांच्यात युरोपात तेव्हा कडाक्याचे भांडण चालू होते. त्यातल्या पेशीपक्षाच्या घरात वाढलेला हा शिष्य मुंबईत बसून विष आणि जंतू दोन्ही एकाच बाटलीत भरत होता.

ती बाटली जवळून पाहण्यासारखी आहे. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान लस टोचून घेणार नाहीत, म्हणून हाफकिनने बोकडाचे मांस आम्लात विरघळवून त्याचे सूप केले. सपाट बुडाच्या काचेच्या भांड्यात ते भरून वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना बिलगून खाली वाढू लागत. गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळे लोंबावेत तसे पांढरट दोरे द्रावणात उतरत. काही दिवसांनी भांडे हलवायचे, दोरे तळाशी बसू द्यायचे, की वर नवे दोरे धरत. असे चार ते सहा आठवडे. मग सुमारे ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक ॲसिडचा अंश घालायचा. तळचा गाळ म्हणजे जंतूंची शरीरे, वरचे पाणी म्हणजे त्यांनी सोडलेले विष. दोन्ही एकत्र टोचले तर संरक्षण पक्के होईल, असा त्याचा हिशेब होता.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, उतरले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. टोचणीच्या दिवशीच आजार अंगात असलेले वगळता, लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडून बरे झाले. न घेतलेल्यांत १२ आजारी पडले आणि ६ दगावले. १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ही प्रयोगशाळा गेली. १९२५पासून तिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट.

खरे विष म्हणजे काय, ते हाफकिनला अगदी वेगळ्या वाटेने कळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या ‘५३-एन’ क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली परळची. सारे खापर हाफकिनवर फुटले आणि त्याला पद सोडावे लागले. तिकडे गावात टोचणीच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच बुचाला लागला होता. रोनाल्ड रॉससकट दहा शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून बाजू मांडली, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरला. धनुर्वाताचे विष जंतूतून बाहेर पडते, अंगात मोकळे फिरते, मज्जातंतूंपर्यंत स्वतः पोहोचते. त्याला उतारा देता येतो. सगळे जण प्लेगमध्ये याच जातीचे विष शोधत होते.

प्लेगचे विष तसे नव्हतेच. ते हाती लागायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे जावी लागली आणि शोध लागला तो स्वीडनमधल्या उमियो आणि बेल्जियममधल्या प्रयोगशाळांत, १९८० आणि ९०च्या दशकांत. हान्स वोल्फ-वाट्झ आणि गी कॉर्नेलिस यांच्या गटांनी दाखवले, की यर्सिनिया कुळातल्या जिवाणूंच्या अंगावर अतिसूक्ष्म पोकळ सुया असतात. जिवाणू समोरच्या पेशीला चिकटतो, सुई तिच्या पातळ आवरणात रोवतो आणि काही प्रथिने थेट आत सोडतो. त्यांना ‘योप’ म्हणतात. योपई हे प्रथिन पेशीच्या आतला सांगाडा विस्कटते, त्यामुळे तिला हात पसरून जंतू गिळता येत नाही. योपएच तिचे गिळण्याचे इशारे पुसून टाकते. योपजे तर धोक्याची सूचना देणारी यंत्रणाच बंद पाडते, आणि वर पेशीला मरणाकडे ढकलते. शिकागोतल्या एका गटाने २००५मध्ये उंदरांत पाहिले, तर जंतूंनी सुया टोचायला निवडल्या होत्या त्या बहुतेक पांढऱ्या पेशीच: न्यूट्रोफिल, महाभक्षक, डेंड्रायटिक. मेचनिकॉफ यांनी ज्यांना रक्षक म्हटले, नेमके त्यांनाच जंतूने हेरले होते.

म्हणजे विषाचा पक्ष आणि पेशींचा पक्ष दोघेही बरोबर होते, आणि दोघांनाही एकमेकांचे म्हणणे ऐकून घ्यायचे नव्हते. हे विष रक्तात उतरतच नाही. जंतूतून निघते ते थेट पेशीत. साध्या विषावर चालणारा उतारा यर्सिन आणि लुस्टिग यांच्या बाटल्यांत असता, तरी त्याची आणि या विषाची गाठ पडणार कुठे? चोक्सींच्या खाटांवरच्या आकड्यांचा एक खुलासा इथे मिळतो.

दुसरा खुलासा तापमानाचा. जंतूच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो, आणि आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावरची टीएलआर-४ ही ग्राहक प्रथिने त्याच्या वासावरच असतात. पिसवेच्या अंगात, म्हणजे सुमारे २६ अंशांना, प्लेगचा जंतू या रेणूला सहा शेपट्या लावतो. पेशी तो चटकन ओळखतात. माणसाच्या ३७ अंशांत आला की तो चारच शेपट्यांचा रेणू बनवतो, आणि त्याकडे पेशींचे लक्ष जात नाही. २००६मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी जंतूत फेरफार करून त्याला ३७ अंशांतही सहा शेपट्यांचा रेणू बनवायला लावले, तर उंदरांना तो मारेनासा झाला. हाफकिनची भांडी मुंबईच्या हवेच्या तापमानाला, म्हणजे माणसापेक्षा पिसवेच्या जवळ जाणाऱ्या उबेत वाढत. टोचल्यावर त्याला आणि पुढे लाखो लोकांना जो ताप भरला, त्यात या ओळखीच्या रेणूचा वाटा असणार. अपघाताने का होईना, बाटलीत वेष न पालटलेला जंतू भरला जात होता.

फुप्फुसात या सगळ्याचा परिणाम भीषण होतो. सेंट लुईसच्या संशोधकांनी २००५मध्ये उंदरांच्या नाकावाटे जंतू सोडून तासागणिक पाहिले. पहिले दीड दिवस फुप्फुसात जंतू बेसुमार वाढत होते आणि तरीही सूज नाही, पांढऱ्या पेशींची धाव नाही, उंदीर धडधाकट. मग एकदम बांध फुटला. न्यूट्रोफिल लोटले, फुप्फुसे पाण्याने आणि रक्ताने भरली, आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास उंदीर मेले. माणसाच्या फुप्फुसी प्लेगमध्येही संसर्गापासून लक्षणापर्यंत एक ते तीन दिवस जातात.

हे वाचून कल्याणचा फलाट पुन्हा पाहावा. ज्याच्या छातीत जंतू वाढत आहेत असा माणूस त्या दीड दिवसात रांगेत उभा राहिला, तर त्याला ताप नाही, खोकला नाही, काखेत काही लागत नाही. डॉक्टर कितीही हुशार असला तरी तो त्याला सोडणारच. त्या घटकेला तो दुसऱ्याला रोगही देत नसतो. खोकला सुरू झाल्यावर देतो, म्हणजे गाडीतून उतरून मुक्कामी पोहोचल्यावर. बायकांची विटंबना करणाऱ्या त्या तपासणीचे समर्थन तेव्हाच्या माहितीवरही नीट होत नव्हते. आजच्या माहितीवर तर मुळीच होत नाही.

उपनगरांचे पुढे काय झाले? माणसे परतली, पण सगळी नाही. १९०१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७,७६,००६ वर आलेली दिसते. १८९८मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहराच्या आत रुंद रस्ते पाडले, दादर-माटुंग्याची आखणी केली. साष्टीतला मुक्काम आधी साथीपुरता होता, मग उन्हाळ्यापुरता, मग कायमचा. १९२०मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला. पार्ल्यात मराठी मध्यमवर्ग इतका जमला, की १९२१मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. मुलुंडची चौकटीबद्ध आखणी १९२२च्या सुमारास क्राउन आणि कार्टर या वास्तुतज्ज्ञांनी केली. ज्या मांडवीत पहिला तडाखा बसला, तिथल्या कच्छी आणि गुजराती व्यापारी समाजांतली कितीतरी कुटुंबे पुढच्या अर्धशतकात घाटकोपर-मुलुंडला स्थायिक झाली. एवढ्या सगळ्याचे श्रेय एकट्या प्लेगला देणे अतिशयोक्तीचे होईल, पण हवेशीर घर, दोन घरांत अंतर, रुंद रस्ता ही आखणीतली भाषा प्लेगच्याच वर्षांत रुजली. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना वाटे, की प्लेग ओल आणि कुबट हवेतून येतो. समज चुकीचा होता. त्यातून निघालेली घरे चांगली होती.

१९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत उपनगर बृहन्मुंबईत आले. तोवर स्ट्रेप्टोमायसिन हाती होते आणि प्लेग मागे पडला होता. त्याची आठवण एकदाच जोरात झाली: ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठींचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाचा. सुरत सोडून लाखो लोक पळाले. पश्चिम रेल्वेच्या ज्या मार्गावर १८९६मध्ये माणसे उत्तरेला पळाली होती, त्यावरून आता ती दक्षिणेला, बोरिवली-अंधेरीकडे येत होती. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. या वेळी निदान काखेत हात घालायला कोणी आले नाही.

उपनगरांच्या फुप्फुसातला आजचा जंतू क्षयाचा आहे. त्याच्याकडे विष नाही, असे जवळजवळ शतकभर मानले जात होते. अमेरिकेतल्या अलाबामात मिखाएल नीडरवाइस यांच्या गटाने २०१४-१५मध्ये ते खोटे ठरवले. क्षयाचा जंतू महाभक्षक पेशीच्या पोटात राहून टीएनटी नावाचे प्रथिन सोडतो. ते पेशीतला एनएडी हा ऊर्जेच्या कामाचा रेणू फोडून टाकते, पेशी आतून मरते आणि जंतूंना वाट मोकळी होते. प्लेगचा जंतू बाहेरून सुई टोचतो, हा आत घर करून विष सोडतो. सोसणारी पेशी मात्र तीच.

२०१२मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी सगळ्याच तपासलेल्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची नोंद जगापुढे ठेवली, तेव्हा मुंबईचे नाव पुन्हा एकदा जगभर झाले. २०१८मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला असलेल्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून, की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लावावे लागतात. ऊन आणि वारा जितका कमी, तितका क्षय जास्त, असे त्या पाहणीत दिसले. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नियमांत दोन इमारतींमधल्या अंतराला जे महत्त्व होते, ते या वसाहतींसाठी वापरलेल्या सवलतींच्या नियमांत उरलेले नाही.